तक्रार ज्यांच्याविरुद्ध केली त्यांच्याच टेबलावर पोचली. मग 'स्वतंत्र देखरेख' म्हणजे नक्की काय?

शेंडेफळ

नमस्कार. बरेच महिने या मंचावर नुसती वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ 43 वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे आणि बोलणं जवळजवळ नाही. सात-आठ शब्द येतात, त्यातले तीन फक्त मलाच कळतात. आई होती तोवर तो घरी होता. ती गेल्यावर दोन वर्षं मी केलं, मग माझंच मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दादाला निवासी संस्थेत ठेवावं लागलं. संस्थेला परवाना आहे, सरकारी अनुदान आहे. गाव, संस्था, राज्य काहीच लिहीत नाही. दादा अजून तिथेच आहे आणि रात्री मी तिथे नसते.

मी दर रविवारी जाते. एका रविवारी त्याच्या मनगटांवर, बांगडी बसते त्या जागी, गोल लालसर वळ दिसले. एकाच हातावर असते तर घड्याळाचा पट्टा म्हणून सोडून दिलं असतं. दोन्ही हातांवर होते. मी हात हातात घेतला तशी त्याने बाही खाली ओढली. दादाला बाह्या वर सारायची सवय, अगदी थंडीतही. खाली ओढताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. काळजीवाहकाला विचारलं तर म्हणाला, "स्वतःच करून घेतात, दोरी गुंडाळत बसतात." अधीक्षकांना विचारलं तर तेही, "स्वतःच करून घेतात, दोरी गुंडाळत बसतात." दोघांचं उत्तर शब्दाला शब्द एकच निघालं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

संस्थेच्या दारात फलक आहे, तक्रार कुठे करायची त्याचा. त्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. फोटो जोडले, तारखा लिहिल्या. सात आठवडे काही नाही. आठव्या आठवड्यात अधीक्षकांचा फोन, "ताई, जरा येऊन जाता का?" गेले. टेबलावर माझं पत्र. झेरॉक्स नव्हे, मूळ पत्र, माझ्या अक्षरातलं, कोपऱ्यात माझ्याच पेनचा डाग पडलेलं. समासात तांबड्या शाईने लिहिलं होतं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित', खाली कुणाची तरी आद्याक्षरं. अधीक्षक अजिबात ओरडले नाहीत. गोड आवाजात म्हणाले, "तुमचं समाधान होत नसेल तर दादांना दुसरीकडे हलवायला आमची काही हरकत नाही."

महिन्याभराने तपासणी झाली. तारीख आठ दिवस आधीपासून सगळ्यांना ठाऊक. मी त्या दिवशी मुद्दाम गेले. सगळ्या पलंगांवर नव्या चादरी, दादाच्या चादरीला तर लेबल तसंच लोंबत होतं. दोघे तपासनीस पावणेदोन तास कार्यालयात बसले, वह्या पाहिल्या, सह्या केल्या आणि मग एक फेरी मारली. दादासमोर थांबून एकाने विचारलं, "काय, बरं आहे ना?" आणि पुढे गेला. दादाला उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो. त्याचं तोंड उघडेपर्यंत ते जिन्यापाशी पोचले होते. नंतर अहवाल वाचायला मिळाला. त्यात होतं, 'निवासी समाधानी आढळले.'

तर विचारायचं ते असं. हे देखरेख करणारं कार्यालय 'स्वतंत्र' आहे असं फलकावर लिहिलंय. खरंच स्वतंत्र असेल तर ते ओळखायचं कशावरून? अशी स्वतंत्र यंत्रणा कुठे असते का, की हा शब्दच फलकावर लिहिण्यापुरता आहे? आणि मुख्य म्हणजे मी आणखी वर गेले तर दादाला त्रास होणार नाही याची काळजी कशी घ्यायची?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हे सगळे कागदी खेळ आहेत. आयुक्त, लोकपाल, आयोग, नावं बदलतात, माणसं तीच. भावाला घरी आणा, विषय संपला.

शेंडेफळ

स्पष्टवक्ता, राग मानत नाही. पण मला दोन किलोची पिशवी उचलायची बंदी आहे आणि दादाचं वजन 81 किलो आहे. त्याला रोज आंघोळ कोण घालणार, तेही लिहा. आणि मी आणलं तरी त्या दालनात आणखी 27 जण आहेत. त्यातल्या अकरा जणांना भेटायला कुणीच येत नाही. रविवारी मीच एकटी येते आणि ते सगळे माझ्याभोवती जमतात.

तांबडीशाई

शेंडेफळताई, मी 22 वर्षं अशाच तपासण्या केल्या. आता निवृत्त आहे, म्हणून लिहू शकतो. तुमच्या पत्राच्या समासात जो शेरा होता तो मीही शेकडो वेळा लिहिलेला आहे. 'अग्रेषित' लिहिलं की कागद आपल्या टेबलावरून गेला. निकाल लागो न लागो, प्रलंबित यादीतून एक आकडा कमी होतो.

त्या दोघांच्या बाजूने थोडं सांगतो. समर्थन म्हणून नाही, आतलं गणित कळावं म्हणून. माझ्या खात्याकडे तीन कामं होती. संस्थेला परवाना आम्हीच द्यायचा, अनुदान आम्हीच सोडायचं आणि तपासणीही आम्हीच करायची. आता समजा मी एखाद्या संस्थेत गेलो आणि लिहिलं, 'इथे माणसांना बांधतात, परवाना रद्द करावा.' दुसऱ्या दिवशी साहेब विचारणार, त्या साठ माणसांना ठेवायचं कुठे? पर्यायी जागा आमच्याकडे नाही. शिवाय परवान्यावर सही कुणाची, तर आमचीच. म्हणजे संस्थेतला दोष लिहिला की तो आमच्या अंगावर येतो. मग मऊ भाषा सुरू होते. 'बांधतात' ऐवजी 'निवासींच्या सुरक्षिततेबाबत अधिक दक्षता घेण्याच्या सूचना दिल्या.' हे वाक्य मी झोपेतही लिहू शकेन. मला लाच कुणी दिली नाही, कुणी धमकावलंही नाही. त्याची गरजच पडली नाही.

हे आपल्याच ओळखीतल्या खात्यांचं आहे असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेत गाउटेंग प्रांतात 2016 साली खर्च वाचवायचा म्हणून लाइफ एसिडिमेनी या संस्थेतल्या दीड हजाराहून जास्त मनोरुग्णांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना घाईघाईने छोट्या सेवाभावी संस्थांमध्ये हलवलं. हलवणारं सरकारी खातं तेच, त्या 27 संस्थांना परवाने देणारं खातंही तेच. भुकेने, थंडीने, औषधांवाचून माणसं मेली. खात्याच्या बाहेरचा आरोग्य लोकपाल चौकशीला आला तेव्हा निघालं की सगळ्याच्या सगळ्या 27 संस्थांचे परवाने अवैध होते. पुढे निवृत्त उपसरन्यायाधीश मोसेनेके यांच्यासमोर लवादाचं काम चाललं. 2018 च्या निवाड्यात मृतांचा आकडा 144 होता.

आणि इंग्लंडमधलं विंटरबोर्न व्ह्यू, ब्रिस्टलजवळचं खाजगी रुग्णालय. तिथे तर वेगळा नियामक होता, खात्याच्या बाहेरचा. तिथल्या एका ज्येष्ठ परिचारकाने मारहाणीबद्दल आधी व्यवस्थापनाला कळवलं, मग नियामकालाही. नियामकाकडून काही हालचाल नाही. शेवटी बीबीसीचा माणूस काळजीवाहक म्हणून नोकरीला लागला, छुपा कॅमेरा घेऊन. 31 मे 2011 ला ते चित्रण दाखवलं गेलं आणि मग सगळे धावले. 11 जण दोषी ठरले, सहा जणांना तुरुंगवास झाला.

दोन्ही उदाहरणं मुद्दाम दिली. पहिल्यात देखरेखीला स्वातंत्र्यच नव्हतं. दुसऱ्यात स्वातंत्र्य होतं, पण आलेलं पत्र कुणी नीट वाचलं नाही. तुमचं पत्र कुठल्या जातीच्या कार्यालयात गेलं ते आधी बघा. फलकावरचा पत्ता आणि संस्थेच्या परवान्यावरचा पत्ता ताडून पाहा. एकच निघाला तर तुम्ही देखरेखीकडे गेलाच नव्हतात, मालकाकडे गेला होतात.

शेंडेफळ

तांबडीशाई काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) आत्ता परवान्याचा फोटो काढून आणला. दर्शनी भिंतीवरच लावलेला आहे, आजवर कधी नीट वाचला नव्हता. पत्ता एकच. मजला वेगळा आहे.

तांबडीशाई

काका चालेल. मजला वेगळा हे वाचून हसूही आलं आणि लाजही वाटली.

कलमवाले

कायद्याच्या बाजूने थोडं. तुमचं राज्य माहीत नाही, त्यामुळे मी सगळ्यांना लागू पडेल तिथून सुरू करतो.

दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 ला स्वीकारला गेला. त्यातल्या दोन जागा तुमच्या कामाच्या आहेत. अनुच्छेद 16 मध्ये तिसरा मुद्दा आहे. दिव्यांगांसाठी चालणाऱ्या सर्व सुविधा आणि कार्यक्रमांवर स्वतंत्र प्राधिकरणांची परिणामकारक देखरेख असली पाहिजे, शोषण आणि हिंसा टाळण्यासाठी. दुसरी जागा अनुच्छेद 33. लोक इथे हटकून घोटाळा करतात. त्याच्या पहिल्या भागात सरकारने आपल्यातच एक केंद्र नेमायचं आहे, कराराची अंमलबजावणी करायला. दुसऱ्या भागात एक वेगळी, स्वतंत्र यंत्रणा उभारायची आहे, त्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला. करणारा वेगळा, बघणारा वेगळा. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच खात्याच्या दारावर दुसरी पाटी लावली जाते.

'स्वतंत्र' कशाला म्हणायचं याचे निकष हवेत वाऱ्यावर नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1993 मध्ये मानवाधिकार संस्थांसाठीची पॅरिस तत्त्वं मान्य केली आणि करारातला अनुच्छेद 33 त्यांच्याकडेच बोट दाखवतो. नेमणूक अधिकृत आणि ठरावीक मुदतीची हवी, म्हणजे नकोसा प्रश्न विचारला म्हणून बदली होत नाही. कर्मचारी आणि जागा स्वतःची हवी. पैसा पुरेसा हवा, आणि तोही अशा रीतीने मिळायला हवा की सरकारला नाडी आवळता येऊ नये. तेव्हा तुमच्या त्या कार्यालयाबद्दल एकच माहिती काढायची असेल तर प्रमुखाच्या नावाखाली 'अतिरिक्त कार्यभार' लिहिलंय का ते बघा. एका खुर्चीतला अधिकारी सकाळी योजना राबवतो आणि दुपारी त्याच योजनेवरच्या तक्रारी ऐकतो, असं त्यातून होऊन बसतं.

भारताचं उदाहरण घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात केंद्रात मुख्य आयुक्त आणि प्रत्येक राज्यात राज्य आयुक्त आहेत. त्यांना स्वतःहून दखल घेता येते, म्हणजे कुणी तक्रार करायलाच हवी असं नाही. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यापुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण निवाडा हा शिफारशीच्या स्वरूपात. 2010 साली, जुन्या 1995 च्या कायद्याखालच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे अधिकार मनाई हुकूम देण्यापर्यंत पोचत नाहीत. हे वाचून लोक लगेच म्हणतात, मग दात कुठे आहेत? थोडे आहेत. नव्या कायद्याप्रमाणे शिफारस मिळाल्यावर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत काय केलं ते आयुक्तांना कळवायचं. शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारणं द्यायची आणि ती तक्रारदारालाही कळवायची. हा शेवटचा भाग फार कमी लोक वापरतात. तीन महिने उलटले की दुसऱ्याच दिवशी 'कारणं कळवा' म्हणून पत्र टाका. कारण लिहून देणं ही सरकारी माणसाला सर्वात नकोशी गोष्ट, कारण लिहिलेलं कारण न्यायालयात उघडता येतं.

अमेरिकेत जास्त दात दिले. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक शाळेत, म्हणायला शाळा, 4,000 जणांच्या जागेत एके काळी 6,000 हून जास्त बौद्धिक अक्षमता असलेली मुलं-माणसं कोंबली होती. 1972 मध्ये दूरचित्रवाणीवर आतलं दृश्य दिसलं, खटला उभा राहिला, आणि 1975 मध्ये संघराज्याने कायदा केला. प्रत्येक राज्यात एक 'प्रोटेक्शन अँड अ‍ॅडव्होकसी' यंत्रणा हवी, आणि तिची पहिली अट अशी की सेवा पुरवणाऱ्या कुठल्याही संस्थेपासून ती वेगळी असली पाहिजे. तिला संस्थेत शिरता येतं, दप्तर बघता येतं आणि वेळ पडली तर सरकारलाच न्यायालयात खेचता येतं.

शेवटी बांधण्याबद्दल. 'सुरक्षेसाठी' म्हणून जे सांगतात त्यांना 6 ऑगस्ट 2001 आठवून द्या. तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडात असलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आलं नाही.

रात्रपाळी

मी काळजीवाहक आहे. तुमच्या भावाच्या संस्थेत नाही, दुसऱ्या ठिकाणी. वरचं सगळं वाचलं. सगळे बरोबर आहात, फक्त एक कोण पाहणार?

आमच्याकडे रात्री दोन माणसं असतात. एकाला झटका आला की दुसऱ्याने उरलेले तीस सांभाळायचे. मी कुणाला बांधलेलं नाही. पण बांधावंसं वाटलं आहे, खोटं कशाला बोलू. तपासणी आली की चादर बघतात, फरशी बघतात, हजेरीपट बघतात. हजेरीपटावर रात्री चार सह्या असतात. त्यातल्या दोन माणसांना मी आजवर पाहिलेलं नाही. हे कुणी मला विचारलं तर मी सांगेन, पण विचारतात साहेबांसमोर.

ताई, वळ दिसले तर मारणाऱ्याला शोधा, जरूर शोधा. पण रात्री किती माणसं असतात तेही लिहा तक्रारीत. नाहीतर एक काळजीवाहक निलंबित होतो, त्याच्या जागी त्याच पगारात दुसरा येतो, आणि अहवालात 'त्रुटींची पूर्तता झाली' असं येतं.

चाकं_दोन

उशिरा आले, माफ करा. मी चाकांच्या खुर्चीवर असते आणि गेली सहा वर्षं एका भेट-योजनेत स्वयंसेवक म्हणून निवासी संस्थांमध्ये जाते. अशी योजना काही ठिकाणी कायद्यातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात साधे नागरिक 'कम्युनिटी व्हिजिटर' म्हणून नेमले जातात आणि न कळवता दार वाजवू शकतात. न्यूझीलंडमध्ये देखरेख तिघांनी मिळून करायची असते, मानवाधिकार आयोग, लोकपाल आणि दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनांची आघाडी. कलमवाल्यांनी अनुच्छेद 33 सांगितला, पण त्याचा तिसरा भाग गाळला! देखरेखीत दिव्यांग व्यक्तींचा आणि त्यांच्या संघटनांचा पूर्ण सहभाग हवा, असं तिथे स्पष्ट आहे. आमच्यावर उपकार म्हणून ते लिहिलेलं नाही. मला जे दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही, म्हणून आहे.

म्हणजे कसं, ते सांगते. मी गेले की वह्या शेवटी बघते. आधी शौचालय वापरायचं आहे म्हणते. माझी खुर्ची आत शिरत नसेल तर 'संस्था पूर्णतः सुगम्य' हा शेरा तिथेच खोटा ठरतो. मग तक्रारपेटी शोधते. एका ठिकाणी ती अधीक्षकांच्या दाराशेजारी, माझ्या डोक्याच्या हातभर वर होती, आणि किल्ली अधीक्षकांच्या जुडग्यात. मग झोपायच्या खोल्यांची कडी बघते. कडी आतून असेल तर ती खोली. बाहेरून असेल तर ती कोठडी, भिंतीवर कितीही फुलपाखरं रंगवलेली असोत.

आणि शक्यतो संध्याकाळी जाते. एकदा पावणेसात वाजता पोचले तर उजेड असताना सगळे अंथरुणात होते. चाळिशीतली माणसं! कारण सात वाजता दिवसपाळी सुटते आणि रात्रपाळीला माणसं कमी. ती सांगितली ना वर रात्रपाळीने, तीच गोष्ट. सकाळी अकराच्या तपासणीत हे जन्मात दिसणार नाही.

आता तुमच्या दादांबद्दल. ते बोलत नाहीत, पण चित्रांची पाटी वापरतात का? वापरत असतील तर त्या पाटीवर कुठली चित्रं आहेत ते मला सांगा.

शेंडेफळ

हो, आहे. संस्थेनेच दिली. आत्ता फोटो बघून लिहिते आहे. पाणी, जेवण, शौचालय, झोप, फिरायला, रेडिओ, आंघोळ, छान, धन्यवाद, ताई. एकूण दहा.

चाकं_दोन

बघा. 'नको' नाही. 'दुखतं' नाही. हात, पाठ, डोकं नाही. 'रात्र' नाही. तिथल्या एकाही कर्मचाऱ्याचा फोटो नाही. 'धन्यवाद' मात्र आहे. म्हणजे या माणसाला तक्रार करायची असली तरी त्याच्या भाषेत तक्रारीचा शब्दच ठेवलेला नाही. हे मी जवळजवळ प्रत्येक संस्थेत पाहते, आणि बहुतेकदा त्यात दुष्टपणा नसतो, कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. तपासणीच्या कुठल्याही नमुन्यात 'पाटीवर नको आहे का' हा रकाना मी पाहिलेला नाही.

चित्रं वाढवा. पण जपून. सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो सारख्या आकाराचे लावा, तुमचा ज्याच्यावर संशय आहे त्याचा एकट्याचा नको. आणि 'तुला कुणी बांधलं का?' असं विचारू नका. तुम्ही सुचवलंत असं उद्या कुणीही म्हणेल, आणि ते चूकही नसेल. नुसती पाटी समोर ठेवा, शेजारी बसा, वाट बघा. जे होईल ते तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. दादांनी काही दाखवलं नाही तर 'काही दाखवलं नाही' असंही लिहा. त्या वहीला त्यानेच किंमत येते.

तांबडीशाई

चाकं_दोन ताईंचं वाचून दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. 22 वर्षांत मी एकाही पाटीवरची चित्रं मोजली नाहीत.

शेंडेफळताई, दादाला त्रास होण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं, ते सगळ्यांकडून राहिलंच. हमी कुणीच देऊ शकत नाही. पण संस्था घाबरते ती नोंदीला. तक्रारीसोबत दादाची डॉक्टरांकडून आजच तपासणी करून घ्या, संस्थेच्या डॉक्टरांकडून नको, बाहेरच्या. वजन, जखमा, औषधं, सगळं कागदावर. आणि अर्जातच लिहा की तक्रारीनंतर निवासीच्या जागेत, औषधांत किंवा भेटीच्या वेळेत काही बदल झाला तर तो सूडाचा मानून स्वतंत्रपणे कळवीन. मग औषध वाढवायला हात जरा अडखळतो. अर्ज देताना प्रत संस्थेला देऊ नका. 'अग्रेषित करू नये, आधी भेट द्यावी' हे पहिल्या ओळीत, अधोरेखित. मी अशी ओळ वाचली की कागद बाजूला काढून ठेवायचो. ती ओळ लिहिणारा माणूस पुढे माहितीही मागणार, हे कळायचं.

कलमवाले

चाकं_दोन, तिसरा भाग गाळला ही माझी चूक, मान्य. शेंडेफळताई, पत्र या वेळी देखरेखीच्या यंत्रणेलाच जाऊ द्या. खात्याकडे नको, वरच्या मजल्यावर तर नकोच. आणि मागणी एकच ठेवा, पूर्वसूचना न देता रात्रीची भेट. पाच मागण्या केल्या की सर्वात सोपी पूर्ण करून बाकीच्या बंद करतात.

शेंडेफळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काही जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

पाटी केली. 34 चित्रं झाली. कर्मचाऱ्यांचे फोटो काढायला अधीक्षकांनी नकार दिला, मग संस्थेच्या वार्षिक दिनाच्या छायाचित्रातून एकेक चेहरा कापून घेतला. त्यात तिघे नव्हते, तेवढी जागा रिकामी ठेवली.

पहिल्या रविवारी दादाने फक्त रेडिओ दाखवला. सतरा वेळा. दुसऱ्या रविवारी 'नको' सापडलं त्याला, आणि मग काय! आंघोळ नको, फिरायला नको, ताई नको, परत ताई. हसत होता. इतका हसताना मी त्याला आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. कालच्या रविवारी बराच वेळ काहीच नाही. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने 'रात्र' काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग 'हात' काढलं आणि त्याच्यावर ठेवलं, बरोबर वर, कडेला कड जुळवून. मग फोटोंच्या ओळीवर बोट फिरवलं आणि एका रिकाम्या जागेवर थांबला. मी काही विचारलं नाही. फार कठीण गेलं. घरी येऊन वहीत लिहिलं, जसं झालं तसं.

बाहेरच्या डॉक्टरांचा कागद आहे. रात्री किती माणसं असतात तेही अर्जात घातलं, रात्रपाळी, तुमच्यामुळे. पहिली ओळ अधोरेखित केली, दोनदा. अर्ज गुरुवारी गेला, वेगळ्या पत्त्यावर.

आज पोच आली. क्रमांक आहे, तारीख आहे. सही वाचता येत नाही, पण खालचं पदनाम वेगळं आहे आणि 'अतिरिक्त कार्यभार' असं कुठे लिहिलेलं नाही. भेट कधी देणार ते विचारलं फोनवर. बाई म्हणाल्या, "ते तुम्हालाही सांगणार नाही."